बियाण्याची कणसं

जवळ सरका मायबापहो, एकटीची गोष्ट सांगतो. किनवटच्या जंगलाकडेला सगळ्या शिवारानं सोयाबीन धरलं. ज्वारी उरली ती केवळाबाईच्या दीड एकरात. म्हणून रानातली झाडून सारी पाखरं तिच्याच कणसांवर उतरायची. शेतातल्या माळ्यावरून गोफण फिरवून फिरवून तिचा खांदा निकामी झाला. बांधावरून पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्ही लई हट्टी. सोयाबीन पेरलं असतं तर एक पाखरू आलं नसतं." "मग माझ्याकडं दुसरं येतंय तरी कोण?" ती हसत हसत बोलली खरी, पण औंदा बियाणं राखलं नाही, तर गावातली ज्वारी संपणार होती. वारलेल्या नवऱ्याचा फेटा तिनं तीन वर्षं पेटीत जपला होता. तो शेतात आणून फाडला आणि पाखरांची चोच लागू नये म्हणून बियाण्याच्या कणसांवर एकेक चिंधी गुंडाळून बांधली. उरलेलं पीक पाखरांना सोडलं. मायबापहो, ज्वारीची भाकरी मोडाल तेव्हा त्या माउलीला आठवा.