आठवड्यातून किती वेळा?

विद्यापीठाच्या आहार-पाहणीत ओमेगा-थ्री देणाऱ्या पदार्थांबद्दल एक प्रश्न होता. वसतिगृहातल्या एका मुलीनं मासे, अक्रोड आणि जवस या तिन्हींसमोर भलंमोठं शून्य लिहिलं.

रेक्टर मॅडमनी तिला बोलावून घेतलं. "आठवड्यातून दोनदा, असं कर. आपल्या मेसचं नाव खराब होतंय."

"आधी वाढा, मग लिहिते."

"तुझ्या हट्टापायी स्वयंपाकाच्या मावशींची नोकरी जाईल, कळतंय का?"

मुलीचा चेहरा पडला. शून्यं खोडायला तिनं पेन उचललं.



चहा घेऊन दारात आलेल्या मावशी म्हणाल्या, "खोडू नकोस गं बाळा. खाली एवढं लिही, की चार वर्षं मी जवस मागतेय आणि मॅडम दर वेळी नाही म्हणतात. सही मी करते."