पातेल्यातलं नाणं

“काहीतरी करपतंय का हो?” कारिनच्या वडिलांनी दबकत विचारलं.

“छे! माझ्या घरी? नाणं वाजतंय की!” असं म्हणून यजमानीण दोन्या चेलोनं त्यांच्या कपात आणखी गरम चॉकलेट ओतलं.

आत स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्याच्या तळाशी पाणी, पाण्यात एका सेंटचं नाणं, वर जाळी आणि जाळीवर मक्याच्या सालीत गुंडाळलेले, सारण भरलेल्या मक्याच्या पिठाचे सत्तर तमाले. पाणी उकळतंय तोवर नाणं खडखडत राहतं. ते गप्प झालं की पाणी संपलं, पळत जाऊन ओतायचं. चेलोची आई असंच करायची. चेलोला ते खडखडणं आत्ताही स्पष्ट ऐकू येत होतं. पन्नास वर्षांच्या सवयीचा आवाज! तो कानात येतोय की नुसता डोक्यात, हे तिचं तिलाही कळेनासं झालं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून धूर आला.

तिच्या लेकानं, रोड्रिगोनं, धावत जाऊन गॅस बंद केला, झाकण काढलं. खालचे दोन थर कोळसा. नाणं काळं पडून तळाला चिकटलेलं.

“आई, कानाचं यंत्र कुठंय?”

ते नॅपकिनांच्या खणात होतं, डबीतल्या डबीत, ऑगस्टपासून. मागच्या महिन्यात दिवसभर नळ वाहत राहिला, तेव्हाच लेकानं बजावलं होतं, पुन्हा असं झालं की हे घर बंद आणि तू ह्यूस्टनला, आमच्या आठव्या मजल्यावर. आणि आज नाताळचं जेवण! होणारी सून कारिन आणि व्याही पहिल्यांदाच घरी आलेले. मेल्या नाण्या, आजच गप्प बसायचं होतं तुला!

“झालं तर मग,” रोड्रिगो म्हणाला. “जानेवारीत सामान हलवू.”

चेलो कोरडेच हात ॲप्रनला पुसत राहिली.

“मला ऐकू आलं होतं,” मागून कारिन म्हणाली. “म्हणजे, मघाशी काहीतरी खडखडत होतं, ते बंद पडलं. मला वाटलं, तमाले झाले. पहिल्यांदाच आलेय, उगाच कशाला नाक खुपसा?”

चेलो गर्रकन वळली. “बाहेरून ऐकलंस तू?”

“हो. बराच वेळ झाला.”

“अगं मग ओरडायचं नाही का, बये!”

“आई! पाहुणी आहे ती.”

“पाहुणी कसली? इतके चांगले कान आणि बसलीय गप्प!”

कारिनला हसू फुटलं. तिच्या वडिलांनी तोवर वरच्या थरातला एक तमाले सोलून अर्धा संपवलाही होता. “आम्ही मिनेसोटात माशाला मुद्दाम असा धूर देतो,” ते म्हणाले. “आणखी एक घेऊ?”

“खाली ठेवा तो!” चेलो म्हणाली. “माझ्या घरी येऊन जळकं खाताय?”

तिनं फ्रिजमधून उरलेलं पीठ काढलं, सारण काढलं, धाकटं पातेलं चढवलं. रोड्रिगोला साली भिजवायला बसवलं. तो कुरकुरला, पण बसला. पाणी ओतून झाल्यावर कारिनच्या हातावर तिनं दुसरं नाणं ठेवलं. “टाक. आणि तिथंच स्टुलावर बस.”

तमाले जाळीवर चढले तसं तिनं खण उघडला, डबी काढली आणि यंत्र कानात बसवलं. खुर्चीची करकर, फ्रिजची घरघर, लेकाचं नाक ओढणं, सगळं एकदम अंगावर आलं. “देवा, केवढा हा कालवा!”

ती पातेल्याकडे वाकली. आत काहीतरी वाजत होतं, पण तिच्या डोक्यातल्यापेक्षा बारीक, लगबगीचं. हेच का ते? तिची खात्री पटेना. आजवर या घरात हा प्रश्न सगळे तिलाच विचारत आले होते.

“कारिन,” रोड्रिगोच्या देखतच तिनं विचारलं, “वाजतंय ना गं?”

“वाजतंय.”

रोड्रिगोनं पुढची साल पाण्यात बुडवली. “यंदा झाले चांगले,” तो म्हणाला, “तर पुढच्या नाताळला शंभर करू. इथंच.”