खिडकीची जागा

"निबंध राहू दे गं वहिनी. पोरगी हल्ली शाळेच्या बसमधून उतरते ती मान खाली घालून. जरा विचारून बघ तिला."

नणंदेचं हे बोलणं आईने हसण्यावारी नेलं होतं. नणंदेला राईचा पर्वत करायची सवयच. त्यात शाळांच्या अर्थशास्त्र निबंध स्पर्धेचा विषय 'टंचाई आणि किंमत'. आई अर्थशास्त्राचीच पदवीधर. मग ती कशाला कुणाचं ऐकते?

आज बक्षीस समारंभ होता. लेकीचं नाव कुठल्याच क्रमांकात आलं नाही. पहिला आलेला निबंध वाचायला शेजारणीची मुलगी मंचावर उभी राहिली.

"शाळेच्या बसमध्ये खिडकीच्या जागेचं तिकीट नसतं. तरी ती फुकट मिळत नाही. कुणी त्या जागेसाठी दुसऱ्याचा गृहपाठ करून देतं, कुणी आपला डबा देतं. ज्याच्याकडे द्यायला काहीच नसतं, ते घरापर्यंत उभं राहतं."

हीच वाक्यं लेकीने स्वयंपाकघरात वाचून दाखवली होती. आई भांडी पुसत होती. "वा! हे उदाहरण अगदी सुरुवातीला घे," तीच म्हणाली होती. ते सुरुवातीलाच होतं.

शेजारच्या खुर्चीत शेजारीण टाळ्या वाजवत होती. हीच बाई मागच्या पंधरवड्यात साखर मागायला आली आणि निबंधाची चौकशी करत तासभर बसली.

"केसाने गळा कापलास गं," आई दबक्या आवाजात म्हणाली.

"अगं, मी काय केलं?" शेजारणीचे हात टाळी वाजवता वाजवता थांबले.

आईने लेकीचं मनगट धरलं आणि मुख्याध्यापिकांकडे निघाली. बाहेरच्या व्हरांड्यात लेक अडून उभी राहिली.

"आई, नको. तिने चोरला नाही. मीच दिला."

"तू दिलास? आपण दोघींनी एवढं जागून... का गं?"

"बसमध्ये शेजारी बसू देईन म्हणाली होती."

आतून टाळ्यांचा आवाज आला.

"मग? देते ना बसू?"

"निबंध द्यायची तारीख होती ना, तोवर दिलं," लेक म्हणाली. "आता ती जागा दुसरीला दिलीय."

आईने तिचं मनगट सोडलं. निबंधातला शब्दन् शब्द तिने तपासला होता. हे तुला कसं गं ठाऊक, तेवढं मात्र तिने विचारलं नव्हतं.

तुमचं लेकरू आज शाळेतून आलं की मार्कांचं नंतर बघा. बसमध्ये कुणाशेजारी बसलं होतं, ते आधी विचारा. आणि त्या जागेसाठी काय दिलं, तेही.