एकशे आठ पौंड

वजनकाट्याची सुई अठ्ठ्याण्णवावर अडली.

"रोग काही नाही," डॉक्टर म्हणाले, "पण एकशे आठ पौंड भरल्याशिवाय पक्की नोकरी मिळणार नाही. दोन महिन्यांनी पुन्हा या."

कारखान्याच्या बांधकामावर तुळया चढविणारा देवराव खलाशी मान खाली घालून भिलाईच्या लाल धुळीतून मजुरांच्या कॅम्पातल्या आपल्या टिनाच्या खोलीकडे परतला. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या धाकट्या भावाला, शालिकरामला, त्याने डॉक्टरांचा निकाल सांगितला आणि न जेवताच आडवा झाला.

भूक त्याला सोडून गेली होती. आई वारल्यापासून शालिकरामला त्याने स्वतःच्या हातचे रांधून वाढविले होते. साकोलीहून येथे कारखाना उभारावयास आल्यावरही दोघांची चूल एकच होती. वैशाखात शालिकरामचे लग्न झाले. नवदांपत्यास मोकळीक असावी, या सद्हेतूने देवरावाने वेगळी खोली घेतली आणि तो मेसमध्ये जेवू लागला. जेवू लागला म्हणणे हीदेखील अतिशयोक्तीच होय. दोन घास चिवडून तो ताट सारीत असे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मधल्या कुडावर थाप पडली आणि शालिकरामची हाक आली.

"दादा, येऊन पाय बरं! वरण तोंडात धरवत नाही!"

भावसून ललिता रिवाजाप्रमाणे भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नसे, समोरही येत नसे. पदर ओढून ती दाराआड झाली. देवरावाने वरण चाखले आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

"अरे बापा! वरणात मीठ नाही, मिठात वरण टाकलं! सर तिकडं!"

बाह्या सरसावून, दाराआडच्या ललिताला एकेक कृती सांगत त्याने नवे वरण फोडणीस घातले. शिकवावयाचे म्हणजे चाखणे आले, आणि चाखता चाखता भातही आला. तीन वाढी केव्हा संपल्या, हे त्याचे त्यालाच कळले नाही.

तिसऱ्या दिवशी भात करपला. चौथ्या दिवशी वांगी कच्ची राहिली.

"काय शिकवलं रे इच्या मायबापानं?" देवराव भावावर गरजला.

"हे तं ढच हाय, दादा," शालिकराम हसून म्हणाला. "तुले रोजच यावं लागते."

तेव्हापासून दिवसभर लोखंडी तुळया चढविताना, उद्या काय शिकवावे याचाच देवराव विचार करी. भोंगा वाजला की लांब ढांगा टाकीत तो घर गाठी.

दोन महिन्यांनी सुई एकशे अकरावर गेली. पक्क्या नोकरीचा कागद खिशात घालून, पावर हाउस भागातल्या बाजारातून पेढे घेऊन तो आला, तो ललिताचे वडील धोंडबा गावाहून येऊन पाटावर बसलेले.

"काय हो व्याही," देवराव पेढा पुढे करीत ऐटीत म्हणाला, "पोरगी सासरी धाडता, अन् साधं वरण शिकवत नाही? म्या शिकवलं इले सारं!"

धोंडबाचा पेढा हातातच राहिला.

"इले? अवो देवरावजी, लग्नातला दोनशे पानाचा सैपाक हे एकटी उतरवते!"

दाराआडच्या बांगड्या एकाएकी गप्प झाल्या. शालिकराम छताकडे पाहू लागला. मग देवरावाने चुलीवरच्या पातेल्याचे झाकण उचलले आणि पाहुण्यासाठी केलेले वरण बोटाने चाखले. ते निव्वळ अमृत होते.

"अळणी झालं," तो दाराआड ऐकू जाईल असे मोठ्यांदा म्हणाला. "उद्या यावंच लागन."