फळीवरचा कप

"थांब, क्रीना. सावकाश सांग," इझाक म्हणाला आणि त्याने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

क्रीना गोंधळली. एकदा करून झालेली प्रार्थना पुन्हा दुसऱ्याला सांगायची म्हणजे तिला संकोच वाटे. पण समोर चर्चच्या मंडळीतला सर्वांत ज्येष्ठ 'वडील', म्हणजे पंच, बसलेला; नाही कसं म्हणणार? तिने खिडकीच्या फळीवरल्या निळ्या कपाकडे पाहिलं.

"मी म्हटलं, प्रभू, हा कप तडकलाय. गळतो, म्हणून यात कुणी कॉफी ओतत नाही. पण मी तो टाकलेला नाही. तसंच माझं. तू माझ्यात काही ओतू नकोस हवं तर, पण फळीवरून काढू नकोस. एवढंच म्हटलं, बंधू. चुकलं का काही?"

इझाकने ओळ पुरी केली आणि काळी वही कोटाच्या आतल्या खिशात सरकवली. वही मंडळीच्या नोंदींसाठी, असं त्याने कधीच सांगून ठेवलं होतं.

"तळमळ आहे," तो म्हणाला, "पण देवाने तुला स्वीकारल्याची खात्री नाही. अजून थोडं थांब."

हे 'थोडं' एकतीस वर्षं चाललं होतं. समुद्राच्या बांधाआडच्या, झीलंड प्रांतातल्या त्या डच गावात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत मेजाशी बसून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, वर्षातून चारदा होई. देवळात तीनशे माणसं आणि मेजावर जेमतेम वीस. बाकीचे बाकांवर बसून पेपरमिंट चघळत बघायचे. पात्र नसताना ती भाकर खाल्ली तर देवाची शिक्षाच ओढवून घेतल्यासारखं, हे तिथल्या पोरांच्याही मनात पक्कं बसलेलं. कुणी कुणाचा हात धरून अडवत नसे, पण इझाकने मान हलवल्याशिवाय क्रीना जागची उठली नसती.

नियमाप्रमाणे घरभेटीला दोन वडिलांनी मिळून जायचं, तेही वर्षातून एकदा. क्रीनाकडे इझाक एकटा आणि दर महिन्याला येई. येताना एखादा जाडजूड जुना धर्मग्रंथ आणी, वाचून झालेला घेऊन जाई. "नवी पुस्तकं घरात आणू नकोस," असं बजावायचा. "जीव उथळ होतो." गाव म्हणे, केवढी काळजी बिचाऱ्याला!

तिच्या भाचीला मात्र त्याचा तिटकारा होता. "मावशी, तो काय स्वर्गाच्या नाक्यावरचा जकातदार लागून गेलाय?" यान्ना म्हणायची. "जा की सरळ आणि बस मेजावर!"

"जीभ आवर. त्यांना कळतं ते तुला कळतं का?"

"मला एवढंच कळतं, की तू चोरी नाही केलीस, चहाडी नाही केलीस, आणि तरी कोपऱ्यात. तो मुल्डर बायकोला बदडतो, आणि मेजावर पहिला!"

क्रीना हसली, मग खोकली. दुसऱ्या वर्षी मार्च लागला तेव्हा ती अंथरुणातून उठेनाशी झाली. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर यान्नाला ओसरीत म्हणाले, ईस्टरपर्यंत काही निभेलसं दिसत नाही. त्याच्या आधीचं प्रभुभोजन येत्या रविवारी होतं.

"एकदाच बसायचंय गं," क्रीना म्हणाली. "खुर्चीत घालून नेशील? बंधू हो म्हणाले तर."

शनिवारी सकाळी यान्ना सायकलने शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात गेली. मावशीला धीर येईल असं काहीतरी तिला हवं होतं. नवं असलं तरी आणायचंच, असं तिने ठरवलं होतं.

"मग हेच न्या," दुकानदाराने एक करडं पुस्तक पुढे केलं. 'दूर उभ्या राहिलेल्या एका जिवाच्या प्रार्थना', भाग नववा. "हातोहात खपतं. हे वाचून किती माणसं धीर करून मेजावर बसली, विचारू नका. आमच्या चर्चचे पाळकसुद्धा उपदेशात यातलंच वाचून दाखवतात."

"लिहिलंय कुणी?"

"नाव कसं असेल, बाई? अहंकार नको म्हणून भक्तीच्या पुस्तकावर नाव घालत नाहीत, माहीत नाही का? पण तो जीव स्वतः अजून मेजावर बसलेला नाही म्हणे. ज्या दिवशी बसेल, त्या दिवशी तहान भागेल आणि या प्रार्थना संपतील. लेखकानेच लिहिलंय प्रस्तावनेत." दुकानदार हसला. "आम्हाला वाटतं, न बसलेलाच बरा!"

घरी येताच यान्ना पलंगाशी बसली. मावशीचे डोळे मिटलेले होते, श्वास घरघरत होता. यान्नाने पुस्तक मधेच कुठेतरी उघडलं आणि पानाच्या तळाशी सुरू होणारी प्रार्थना वाचू लागली.

"'प्रभू, हा कप तडकलाय. गळतो, म्हणून यात कुणी कॉफी ओतत नाही...'"

तिचा आवाज अडखळला. तिने फळीवरच्या निळ्या कपाकडे पाहिलं. पान तिथे संपलं होतं.

"पण मी तो टाकलेला नाही," मावशी मिटल्या डोळ्यांनी पुटपुटली. "तू माझ्यात काही ओतू नकोस हवं तर, पण फळीवरून काढू नकोस."

यान्नाने पान उलटलं. पुढे शब्दन् शब्द तेच छापलं होतं.

दार वाजलं आणि उत्तराची वाट न पाहता इझाक आत आला. टोपी काढून तो नेहमीच्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली तशी क्रीनाने डोळे उघडले.

"बंधू, उद्या बसू का हो मी मेजावर?"

इझाकने काळी वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"अजून थोडं थांब, क्रीना," तो मायेने म्हणाला. "रात्री काय प्रार्थना केलीस? सावकाश सांग."