समोरच्या गच्चीवरची डबी

मुलगा राजेंद्र वेगळा झाल्यापासून अप्पाराव गुरुजी त्याच्याशी बोलत नव्हते. बजाजनगरात त्याचं घर समोरच होतं. परवा त्यानं गच्चीवर एक पांढरी डबी बसवली, आणि तिचं तोंड थेट गुरुजींच्या गच्चीकडं.

"पाळत ठेवतोय बापावर!"

"असं कसं?" त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणाल्या. "तसली डबी आपल्या टाकीपाशी बी हाय की."

"ती टाकी भरल्याचं सांगती, तूच म्हणलीस. हा कॅमेरा हाय."

गुरुजींनी कूलरचा जुना पत्रा कठड्याला उभा बांधला. मग खाली येऊन रोजच्यासारखं नाशिकच्या नातीला, मेघाला, मोबाइलवर अपूर्णांक शिकवायला बसले. दोन दिवस तिचा चेहरा कसा स्वच्छ दिसत होता, आज मात्र पुन्हा थिजला.

"मेघा! ऐकू येतंय का गं?" गुरुजी ओरडले. "उद्या पेपर हाय पोरीचा, अन् नेटला आजच काय झालं?"



मनकर्णाबाईंनी त्यांच्या हातात पक्कड दिली. "आधी पत्रा सोडा. दोन्ही डब्या राजेंद्रनंच बसवल्यात, त्याचं नेट आपल्या घरात यावं म्हणून. तुमचं हे ओरडणं रोज त्याला ऐकू जायचं."