गेल्या पायाचा दावा

बनुबाईने साक्ष अगदी खरी दिली, आणि तिथेच घोटाळा झाला.

ती विमा कंपनीच्या बाजूने उभी होती. कंपनीवर तिचं काही प्रेम नव्हतं, एस.टी.चं भाडं मिळणार होतं आणि नगर पाहायचं राहून गेलं होतं. तिच्या शेजारच्या गहिनीनाथाच्या ऊसगाडीला राहुरीच्या रस्त्यावर ट्रकने मागून धडक दिली, गाडी मोडली, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला, याबद्दल कोर्टात कुणाचंच दुमत नव्हतं. वाद एवढाच होता, की तो पाय असताना गहिनीनाथ काही काम करत होता की नाही. करत असेल, तर बुडालेल्या कमाईची भरपाई कंपनीने द्यायची. करत नसेल, तर नुसती सहानुभूती द्यायची. ती कंपनीकडे भरपूर होती.

"गहिनीनाथाची बायको, या मालनबाई, नवऱ्याबद्दल तुम्हाला काय सांगायच्या?" कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

"काय सांगनार? पानवठ्यावर रोज तेच. आमचा घरधनी नुस्ता बाजंवर लोळतो, हितली काडी तिकडं करीत न्हाई. मी हाय म्हनून चूल पेटती."

"रोज म्हणायच्या?"

"सनावाराला जास्त."

वकील समाधानाने न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, बाजेवर लोळायला दोन पाय लागतात असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही."

मालनबाईला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. ती जाताना तिचे वकील, बोरुडे, कानाशी पुटपुटले, "सांगा, चेष्टेनं म्हणत होते."

"हे असं तुम्ही म्हणत होता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"व्हय, सायेब."

"म्हणजे नवरा काही काम करत नव्हता?"

मालनबाईला साहेबांची कीव आली असावी. "आपल्या मानसाला आपनच चांगलं म्हनत असत्यात व्हय, सायेब? दिष्ट लागती. या बनुबाईलाबी ठावं हाय. ती तिच्या दुभत्या म्हशीला आटलेली म्हनती."

"ते खरं हाय," बनुबाई मागच्या बाकावरून म्हणाली. पट्टेवाल्याने तिला गप्प केलं.

"बरं. मग आता शपथेवर खरं सांगा. तुमचा नवरा काय काम करायचा?"

"न्हाई सांगत."

बोरुडे वकिलांनी कपाळाला हात लावला. "अहो मालनबाई, दावा जाईल! घरात दुसरं कमावणारं कोण आहे?"

"दावा जाऊ द्या. एक पाय राह्यलाय, त्यो राहू द्या."

 मग कुणी न विचारताच ती बोलू लागली.

"एकडाव म्हनून बसले मी. जावंच्या माहेरी बारसं हुतं. समद्या बाया आपापल्या घरधन्याचं रडगानं गात हुत्या. माझीच बुद्दी फिरली, चांगलं बोलून गेले. दुसऱ्या दिशी सकाळी ट्रक आला." तिने पलीकडे उभ्या असलेल्या ट्रक ड्रायव्हरकडे, शमशेरकडे, बोट केलं. "त्येचा काय दोष? त्येनं गाडीला लिंबू-मिरची बांधली हुती, जोडा टांगला हुता. त्येला खरचटलंबी न्हाई. मी आमच्या ह्यास्नी काय बांधलं हुतं?"

शमशेरने गंभीरपणे मान हलवली. आजवर तो ब्रेकला दोष देत आला होता. हे कारण त्याला जास्त पटलं.

कंपनीचे वकील तत्परतेने उठले. "नोंद व्हावी, साहेब. अर्जदाराच्या पत्नीने चालक निर्दोष असल्याचं स्वतःहून मान्य केलं आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "ट्रक कुठून आला ते पंचनाम्यात आहे. बाईंच्या बोलण्यानं तो पुढून यायला लागणार नाही. बसा तुम्ही." मग ते मालनबाईकडे वळले. "बारशाला काय बोललात, ते सांगा."

"सायेब, नगं..."

"आज तुम्ही काहीच म्हणत नाही आहात. त्या दिवशी काय म्हणालात, तेवढंच मला सांगायचं. जी लागायची ती लागून गेली. एका बोलण्याला दोनदा लागत नाही."

हे कुठल्या कलमात आहे, असं कंपनीच्या वकिलांनी विचारायला हवं होतं. पण त्यांनाही ते बरोबर वाटलं असावं. 

"नक्की?" मालनबाईने विचारलं.

"नक्की."

तिने नवऱ्याकडे पाठ केली, खिडकीकडे तोंड केलं आणि पोरीबाळींनी शाळेत धडा म्हणावा तशी म्हणू लागली.

"म्हनाले, आमचं मानूस कोंबड्याच्या आदी उठतं. बैलास्नी वैरन घालून, गाडी जुपून फडात जातं, ऊस भरून कारखान्याला नेतं. रातीची पाळी आली, की जेवायला न येता उसाला पानी धरतं. जत्रंला गेलं तर सोताला पायतान घ्यायचं सोडून मला घेतं. कवा हात उगारला न्हाई. आसं मानूस दिवा लावून हुडकलं तरी घावायचं न्हाई."

कारकून शब्दन् शब्द उतरवून घेत होता. त्याचं लिहिणं संपलं तेव्हा कोर्टातली सगळी माणसं, कंपनीचे वकीलसुद्धा, बाकावरच्या गहिनीनाथाकडे वळून पाहत होती.

त्याने हे पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं. त्याने घाईघाईने खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि राहिलेल्या पायावर पसरलं.